उरलेलं पोलाद

कुऱ्हाडीत कामाचं पोलाद असतं ते जेमतेम दोन-तीन बोटं. बाकी सगळं वजन मऊ लोखंडाचं. एकोणिसाव्या शतकातली अमेरिकन कुऱ्हाड घ्यायची तर हे आधी ध्यानात ठेवावं लागतं, कारण गंजाखाली सगळं एकाच तपकिरी रंगाचं दिसतं. त्या काळी पोलाद महाग होतं. चांगलं पोलाद इंग्लंडमधल्या शेफील्डहून जहाजाने यायचं. म्हणून लोहार कुऱ्हाडीचं अंग लोखंडाचं करायचा, धारेच्या बाजूने त्याला चीर द्यायचा आणि चिरेत पोलादाची पट्टी बसवायचा. मग दोन्ही पांढरं होईपर्यंत तापवायचं, वर टाकणखार भुरभुरायचा आणि घणाखाली एकजीव करायचं. पुढे विसाव्या शतकात अख्खी कुऱ्हाड एकाच पोलादाची होऊ लागली, तरी पाणी दिलं जायचं ते धारेलाच. दोन-तीन बोटांचा हिशेब तिथेही सुटत नाही.

हा जोड डोळ्यांनी पाहता येतो. धारेजवळचा एक कोपरा कानशीने उजळायचा, त्यावर पॉलिश पेपर फिरवायचा आणि पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा दाबून ठेवायचा. थोड्या वेळाने बोळा उचलला की पोलाद काळवंडलेलं असतं, लोखंड फिकं राखाडी राहिलेलं असतं आणि दोहोंच्या मधून एक वेडीवाकडी रेघ गेलेली असते. ही रेघ धारेपासून जितकी आत, तितकं त्या कुऱ्हाडीचं आयुष्य शिल्लक. कानसही हेच सांगते. पोलादावर ती बारीक किरकिरते. रेघ ओलांडली की तिला मऊ लोखंड लागतं आणि आवाज जड होतो. कान एकदा तयार झाला की व्हिनेगर केवळ खात्रीपुरतं उरतं.

मी कनेक्टिकटमध्ये राहते, फार्मिंग्टन नदीच्या खोऱ्यात. जुन्या कुऱ्हाडी जमवायच्या आणि त्या पुन्हा कामाला लावायच्या, हा माझा कित्येक वर्षांचा नाद आहे. इथे घर आवरायला काढलं की लोक अंगणात सामान मांडतात, त्याला टॅग सेल म्हणतात. कपबश्या, दिवे, मुलांच्या सायकली, आणि टेबलाखाली एखाद्या खोक्यात गंजलेली हत्यारं. त्यांत कुऱ्हाड असतेच असते. दांडा मोडलेला, भोकात जुन्या लाकडाचं बूच अडकलेलं, पाठ हातोड्याचे घाव खाऊन पसरलेली. विकणाऱ्याच्या लेखी तिला फारशी किंमत नसते. ‘आजोबांची होती,’ एवढं सांगून तो सुटे पैसे मोजायला लागतो.

इतक्या कुऱ्हाडी इथे उरल्या कशा, याचंच मला आधी नवल वाटायचं. मी नागपूरची. मामाचं गाव रामटेकच्या पुढे, जंगलाला लागून. तिकडे जुनी कुऱ्हाड मी कधी पाहिली नाही, कारण तिकडे कुऱ्हाड जुनी होत नाही, ती संपते. उन्हाळ्यात गाडीलोहारांचं बिऱ्हाड गावाबाहेर उतरायचं. घरधनी सांडशीत लोखंड धरून ऐरणीशी बसलेला, समोर त्याची बायको उभ्याने घण घालतेय, आणि पोरगं भात्यावर. ट्रकच्या कमानपाट्याचा तुकडा तापवून ते त्यातून कुऱ्हाड काढायचे. कमानपाटा म्हणजे अव्वल पोलाद. ट्रकखाली जन्म काढूनही त्याच्यात पुढच्या कामाचा दम उरलेला असतो. ती कुऱ्हाड मामा वर्षानुवर्षं चालवायचा. धार बसली की दगडावर घासायची. झिजून आखूड झाली की पुन्हा लोहाराकडे न्यायची, तो तापवून, ठोकून तिला पुढे ओढायचा. तेही जमेनासं झालं की उरलेल्या तुकड्याची छिन्नी व्हायची, आणि शेवटी भंगारवाला.

इथल्या कुऱ्हाडींचं तसं झालं नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर एका माणसाला पेलेल असा चेनसॉ बाजारात आला आणि बघता बघता जंगलातलं काम त्याने उचललं. कुऱ्हाडी भर आयुष्यात कोठाराच्या भिंतीला टेकवल्या गेल्या. पोलाद शिल्लक होतं, काम थांबलं होतं. आपण जिला जुनी, संग्राह्य वस्तू म्हणतो ती पुष्कळदा अशी काम तुटलेली वस्तू असते. म्हणून कुऱ्हाड दुरुस्त करताना ती नव्यासारखी दिसावी असं मला वाटत नाही. तिचं राहिलेलं काम तिला परत मिळावं असं वाटतं, आणि त्यासाठी तिच्यातला पोलादाचा कण न् कण राखावा लागतो.

या खोऱ्यात मिळणाऱ्या पुष्कळ कुऱ्हाडींवर एकच छाप असतो: ‘कॉलिन्स अँड कंपनी’, खाली ‘हार्टफर्ड’. प्रत्यक्षात या कुऱ्हाडी हार्टफर्डला कधीच झाल्या नाहीत. त्या झाल्या तिथून पश्चिमेला, नदीच्या काठी, आज कॉलिन्सव्हिल म्हणतात त्या गावात. हार्टफर्डचं नाव लोकांना माहीत होतं, म्हणून ते छापात गेलं. 1826 साली सॅम्युएल कॉलिन्स, त्याचा भाऊ डेव्हिड आणि नात्यातला विल्यम वेल्स यांनी नदीवरची एक जुनी पिठाची गिरणी विकत घेतली आणि तिच्या पाण्याच्या जोरावर कुऱ्हाडी करायला घेतल्या. तोवर कुऱ्हाड गावच्या लोहाराकडून यायची, आणि तीही बिनधारेची. धार काढायला घेणाऱ्यालाच दगड फिरवत बसावं लागे. कॉलिन्सने धार लावलेली, घेतल्या घेतल्या झाडावर चालवता येईल अशी कुऱ्हाड विकायला सुरुवात केली. ऐकायला गोष्ट लहान आहे. पण ज्याला हिवाळा तोंडावर असताना घरासाठी, कुंपणासाठी, चुलीसाठी रान तोडायचं होतं, त्याचे दिवसच्या दिवस तिने वाचवले.

1832 मध्ये एलिशा रूट नावाचा यंत्रकार इथे कामाला लागला. दांड्याचं भोक करायची जुनी रीत अशी की लोखंडाची पट्टी मधोमध दुमडायची आणि तिची टोकं जोडायची. रूटने अखंड लोखंडात भोक पाडणारी यंत्रं बसवली, कुऱ्हाड साच्यात घडवायला सुरुवात केली, आणि तिचे गाल घासण्याऐवजी तासून काढणारं यंत्रही केलं. 1849 मध्ये कोल्टने त्याला हार्टफर्डला आपल्या पिस्तुलांच्या कारखान्यात नेलं, आणि यंत्रांच्या इतिहासात रूटचं नाव घेतलं जातं ते बहुतेक तिथल्या कामासाठी. मला मात्र तो कुऱ्हाडींचाच माणूस वाटतो. भोकाच्या आतून बोट फिरवलं की जोड लागतोय का, हे मी आजही पाहते. नाही लागला तर रूटच्या यंत्रांनंतरचा काळ डोळ्यांसमोर धरते.

कॉलिन्सचं नाव इतकं झालं की इंग्लंडात त्यांच्या छापाची नकली हत्यारं होऊ लागली. 1857 मध्ये कंपनी तिथल्या कोर्टात गेली, आणि परदेशी कारखानदारालाही आपल्या छापासाठी इंग्लंडात दाद मागता येते, हे तिने मान्य करून घेतलं. व्यापारचिन्हांच्या कायद्यात त्या खटल्याचा दाखला अजून देतात. पुढे छापात ‘लेजिटिमस’, म्हणजे अस्सल, हा शब्द आला आणि मुकुटातून वर आलेला, हातोडा धरलेला हात आला. या छापाची हत्यारं, विशेषतः ऊस आणि झाडोरा तोडायचे मोठे कोयते, मेक्सिकोपासून खाली सगळ्या लॅटिन अमेरिकेत गेली.

त्याच 1857 साली जॉन ब्राउन इथे आला होता. गुलामगिरी शस्त्राने मोडायची असं ठरवलेला हा माणूस इथून जवळच्या टॉरिंग्टनचा. कारखान्यातल्या चार्ल्स ब्लेअर या भट्टीवरच्या कारागिराला त्याने हजार भाले करायला सांगितले, भाल्याला एक डॉलर. 1859 च्या ऑक्टोबरमध्ये त्याने हार्पर्स फेरीवर छापा घातला तेव्हा त्यांतले साडेनऊशेच्या आसपास भाले त्याच्याकडे पोचलेले होते; उठाव करणाऱ्या गुलामांच्या हाती ते द्यायचे होते. उठाव फसला, ब्राउन फासावर गेला. कॉलिन्सव्हिलच्या पुलावर उभी राहिले की मला कारखान्याच्या भरभराटीआधी हेच आठवतं.

1955 च्या ऑगस्टमध्ये दोन वादळं पाठोपाठ आली आणि नदीने हे सगळं खोरं धुऊन काढलं. कारखाना त्यातून उभा राहिला, पण पुढे फार चालला नाही. 1966 मध्ये बंद झाला. विटांच्या इमारती अजून आहेत, बंधाऱ्यावरून पाणी पडतंय, आणि जुन्या रेल्वेच्या वाटेवरून लोक सायकली चालवतात. गावात कँटन हिस्टॉरिकल म्युझियम आहे, तिथे कारखान्याची हत्यारं मांडून ठेवली आहेत. ज्याला कुऱ्हाडींची गोडी आहे त्याने तिथे अर्धा दिवस तरी हाताशी ठेवून जावं.

पण ज्या धारेने कॉलिन्सचं नाव झालं, ती धार काढणाऱ्यांचं काय झालं, हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. घासण्याच्या खोलीत वालुकाश्माची चाकं फिरत असायची, माणसाच्या उंचीला येतील एवढी. चाकाच्या वर लाकडी घोडा. कामगार त्याच्यावर दोन्हीकडे पाय टाकून बसायचा आणि अंगाचं सगळं वजन देऊन कुऱ्हाड चाकावर दाबायचा. चाकावर पाणी सोडलेलं असे, तरी ओला चिखल उडायचा, वाळायचा आणि त्याची धूळ हवेत चढायची. वालुकाश्म म्हणजे गारेचे कण. ते फुप्फुसात जाऊन बसतात आणि बाहेर येत नाहीत. ऐन उमेदीतली माणसं खोकून खोकून जायची. स्थानिक लोक हे काम सोडत गेले, तसं ते परदेशातून नव्याने आलेल्या, दुसरं काही न मिळणाऱ्या माणसांच्या वाट्याला आलं. 1920 च्या सुमारास येल विद्यापीठातल्या आरोग्यशास्त्रज्ञांनी कुऱ्हाडींच्या कारखान्यातली धूळ मोजून तिच्यावर लिहिलं. तोवर कितीतरी पिढ्या त्या घोड्यावर बसून गेल्या होत्या. हा रोग संपलेलाही नाही; गुजरातेत खंबातला अकीक घासणाऱ्या घरांमध्ये तो आजच्या काळातही माणसं नेतो.

फार न वापरलेली एखादी कुऱ्हाड हाती आली, आणि ती खिडकीशी नेऊन तिरप्या उजेडात धरली, तर गालांवर बारीक समांतर ओरखडे दिसतात. ते त्या चाकाचे. कारखान्याच्या वह्यांत मालकांची नावं आहेत, यंत्रकारांची आहेत. घोड्यावर बसलेल्या बहुतेकांच्या हाताचा माग असेल तर तो या ओरखड्यांत आहे. कुऱ्हाडीला आरशासारखी चकाकी आणायची हौस असलेले लोक पहिल्याच तासात हे ओरखडे उडवतात. इथे अशी हौस पुष्कळांना आहे. फिरत्या पट्ट्यावर धरून कुऱ्हाडीचं अंग असं झगझगीत करतात की तिच्यात चेहरा दिसावा. मी त्याला दुरुस्ती म्हणत नाही. ती कुऱ्हाड मग कोणत्याच काळाची राहत नाही.

मी करते ते काम हळू आहे. तांबडा, सुटणारा गंज लोखंडाला खातो, तो काढायचाच. पण त्याच्याखाली एक काळपट, घट्ट थर असतो. वर्षानुवर्षांच्या हवेने, तेलाने, घामाने धरलेला. तो लोखंडाला राखतो. अख्खी कुऱ्हाड व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवली तर गंजाबरोबर हाही थर जातो आणि लोखंड उघडंबोडकं, मरगळलेल्या राखाडी रंगाचं होतं. म्हणून मी व्हिनेगर धारेपुरतं वापरते, आणि अंगाला हाताने तारेचा ब्रश, थोडं तेल, पुन्हा ब्रश. छापाची अक्षरं तेलात भिजवून बांबूच्या काडीने एकेक मोकळी करते. ‘हार्टफर्ड’ मधली अर्धी अक्षरं गेलेली असतील तर ती गेलेलीच राहू देते.

धारेला तर यंत्र लावायचंच नाही. विजेवर फिरणाऱ्या दगडाला पातळ धार टेकली की क्षणात ती तापते. पोलादावर आधी गवती पिवळा रंग येतो, मग तपकिरी, मग जांभळा, आणि तीनशे अंशांच्या आसपास निळा. निळा दिसला की तेवढ्या जागेचं पाणी उतरलं. दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी मोजूनमापून दिलेलं पाणी. मग ती जागा कापून मागे येण्यावाचून इलाज नसतो, म्हणजे शिल्लक पोलादालाच हात घालायचा. त्यापेक्षा कानस बरी. कुऱ्हाड शेगड्यात धरायची, हातात जाड हातमोजा चढवायचा, कानस धारेच्या दिशेने पुढे ढकलायची आणि परत आणताना उचलून आणायची. प्रत्येक फेरीबरोबर बारीक चंदेरी कीस खाली पडतो. तो किती पडतोय यावर माझं लक्ष असतं. हव्या तेवढ्या कोनाला धार आली की निसण्यावर गोल गोल फिरवून ती गुळगुळीत करायची आणि हात काढून घ्यायचा.

हे करता करता आधीच्या माणसाची ओळख होत जाते. धारेचा वरचा कोपरा गोल झिजलेला आणि खालचा शाबूत असेल, तर ती बरीच वर्षं जमिनीलगत चालली. वरचं टोक मातीत, दगडांत जात राहिलं. एका गालाला जास्त घासलेलं असेल तर धार लावणारा आपली बाजू न बदलता लावायचा. पाठ पसरलेली असेल तर तिचा घणासारखा वापर झाला, लोखंडी पाचरी ठोकायला. तसं करू नये असं सगळी पुस्तकं सांगतात. भोक फाकतं आणि फुटतं. पण घरात एकच जड हत्यार असलेल्या माणसाने दुसरं काय करावं? पसरलेल्या कडा मी हाताला लागणार नाहीत इतक्याच घासते. कोपऱ्याची झीजही सरळ करायला जात नाही. सरळ करायची म्हणजे खालच्या कोपऱ्यातलं चांगलं पोलाद फुकट घालवायचं.

दांड्याची गोष्ट वेगळी. दांडा जातो आणि नवा येतो, त्यात हळहळ करण्यासारखं काही नाही. पण कुऱ्हाडीचं सुख-दुःख त्याच्यावर आहे. मामाला फोनवर पहिल्यांदा सांगितलं की मी इथे कुऱ्हाडी दुरुस्त करते, तर तो आधी काही वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, ‘पोरी, दांडा कशाचा घालून राहिली?’ मी म्हटलं, हिकरीचा. ‘ते काय असते? धावडा नाही भेटत का तिकडं?’ धावडा मिळत नाही. धावड्याचं लाकूड चिवट, घाव सोसणारं. बैलगाडीच्या आसासाठी आणि हत्यारांच्या दांड्यांसाठी त्याच्यावर विश्वास टाकणारी माणसं मी पाहिली आहेत. हिकरी तशीच चिवट, उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातली, आणि इथल्या कुऱ्हाडीचा लांब, किंचित वळणदार दांडा तिच्याच जोरावर झाला. मामाने पुढचा प्रश्न विचारला तो नेमका: ‘रेषा पाह्यतं का?’ लाकडाच्या रेषा दांड्याच्या टोकाकडून पाहिल्या तर त्या पात्याच्या दिशेने उभ्या असाव्यात, आणि लांबीत कुठे बाहेर पळू नयेत. जिथे रेषा बाहेर पळाली, तिथे दांडा एक दिवस मोडणार. दुकानातले दांडे मी एकेक उचलून असे पाहत बसते आणि बहुतेक परत ठेवते.

दांडा बसवण्याची इथली रीत मला फार आवडते. दांड्याचं वरचं टोक रंध्याने आणि कानशीने उतरवून भोकात बेताचं शिरेल असं करायचं, त्याला मधोमध करवतीने चीर द्यायची. मग कुऱ्हाड दांड्यावर अडकवून सगळं उलटं धरायचं, पातं खाली, लोंबकळत. आणि लाकडी हातोडीने दांड्याच्या मोकळ्या टोकावर, म्हणजे वरून, मारायचं. खाली टेकू काही नाही. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं पातं गळून पडेल. पण प्रत्येक घावाला दांडा खाली जातो आणि जड पातं आपल्या जागी राहतं, त्यामुळे ते दांड्यावर चढत जातं, भोकाच्या काठाशी लाकडाची बारीक साल सोलून निघते, आणि एका क्षणी आवाज बदलतो, भरीव होतो. तिथे थांबायचं. चिरेत पाचर ठोकायची. भोक मधे अरुंद आणि वर रुंद असतं, त्यामुळे पाचरीने फाकलेलं लाकूड वरच्या रुंदीत बसतं आणि पातं निसटायची वाट बंद होते. सैल झालेली कुऱ्हाड मामा रात्रभर पाण्यात ठेवायचा. इथले जुने लाकूडतोडे त्याला नको म्हणतात: फुगलेलं लाकूड लोखंडाच्या काठावर चेचतं आणि वाळलं की आधीपेक्षा सैल होतं. मी ते मामाला सांगितलं. त्याचं म्हणणं, काम आजचं असते, दांडा काय उद्या नवा घालू. ज्याच्या परसात धावडा उभा आहे त्याचं हे म्हणणं खरंच आहे.

शेवटी दांड्याला तेल, आणि ते तेल जवसाचं. विदर्भात जवसाची चटणी आणि जवसाचं तेल खाऊन वाढलेल्या माणसाला हा वास कुठेही ओळखू येतो. हाताने चोळून चोळून ते लाकडात मुरवायचं. तेलाच्या चिंध्या मात्र गोळा करून ठेवायच्या नाहीत, पसरून वाळवायच्या. जवसाचं तेल हवेशी मिळताना आतल्या आत तापतं आणि चिंध्यांचा ढीग आपोआप पेटतो. स्वयंपाकघरातल्या बरणीने मला हे कधी कळू दिलं नव्हतं.

नागपूरला गेले की मी लोखंड पाहायला जाते. शहराच्या जवळच माहुरझरी आहे, तिथली शिळावर्तुळं शां. भा. देव यांनी 1970-72 च्या सुमारास उत्खनन करून उघडली. विदर्भात अशी वर्तुळं पुष्कळ आहेत. पेंच नदीकाठी नायकुंडला तर त्याच लोकांची लोखंड गाळायची भट्टी सापडली. मेलेल्याच्या सोबत त्यांनी जे ठेवलं त्यात लोखंडी कुऱ्हाडी आहेत, अडीच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या. या कुऱ्हाडींना भोक नाही. पातं सपाट, आणि ते दांड्याला घट्ट आवळायला आडव्या लोखंडी कड्या. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी त्या कड्यांचाच विचार करत राहिले: पातं लाकडावर बसवायचं, कड्या ठोकून सरकवायच्या, घाव बसेल तशी पकड आवळत जायची. भोकावाचून पातं दांड्याला धरून ठेवायची ही वेगळीच तऱ्हा माझ्या गावाजवळ, जमिनीखाली होती.

त्या पात्यांत आता धातू फारसा उरलेला नाही. लोखंडाची मातीच झाली आहे आणि आकार तेवढा टिकून आहे. तिथला गंज काढायला जाल तर कुऱ्हाडच हाताला येणार नाही. संग्रहालयातले लोक दमट हवा दूर ठेवतात, लेप देतात आणि आहे ते आहे तसं थांबवतात. त्यांचं काम बरोबर आहे. कुठे थांबायचं हे हत्यारात काय उरलंय त्यावर ठरतं. त्या कुऱ्हाडींत त्यांच्या माणसांची आठवण उरली आहे, म्हणून त्यांना हात लावायचा नाही. माझ्या शेगड्यातल्या कुऱ्हाडीत अजून पोलाद आहे. तिला काचेत ठेवणं मला पटत नाही.

मग प्रश्न येतो की ती चालवायची कशावर. या कुऱ्हाडींनी काय केलं ते इथल्या रानात फिरताना पावलापावलावर दिसतं. घनदाट झाडीत मधेच दगडांची भिंत लागते, सरळ चढत जाते, काटकोनात वळते. ती कुणाच्या तरी शेताची हद्द. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत दक्षिण न्यू इंग्लंडमधलं बहुतेक जंगल उतरवून झालं होतं. मग शेतकरी पश्चिमेच्या सुपीक जमिनींकडे आणि गिरण्यांकडे निघून गेले आणि जंगल परत आलं. आज कनेक्टिकटचा निम्म्याहून अधिक भाग पुन्हा झाडांखाली आहे. ही शेतं होण्याआधी या खोऱ्यात टन्क्सिस लोक राहत होते. त्यांच्या हातून ही जमीन गेली, त्यातही कुऱ्हाडीचा वाटा आहे. कुऱ्हाडी जमवणारे आपापसांत बोलतात ते वजनावर, वळणावर, छापावर, आणि हा भाग गाळतात. तो गाळू नये. मामाच्या गावात जंगलखात्याने कुऱ्हाड जप्त केली म्हणून रडणारी बाईही मी पाहिली आहे, आणि रातोरात साग तोडून नेणारे ट्रकही. हत्याराला दोष देऊन किंवा हत्याराला माफ करून यातलं काही सुटत नाही.

तरीही कुऱ्हाडीला योग्य काम आहे, आणि ते मला इथेच सापडलं. 1964 च्या कायद्याने अमेरिकेत काही जंगलं अशी राखली की तिथे यंत्र न्यायचं नाही. न्यू हॅम्पशरच्या व्हाइट माउंटनमधलं ग्रेट गल्फ त्या पहिल्या यादीतलं. वादळात वाटेवर झाड पडलं तर ते चेनसॉने कापता येत नाही. कुऱ्हाड आणि हाताची करवत घेऊन माणसांनाच जावं लागतं. म्हणून तिथे वाटा राखणारी तरुण मुलं-मुली आजही कुऱ्हाड चालवायला शिकतात, आणि अमेरिकन वनखात्याने 1999 मध्ये कुऱ्हाडीची निगा कशी राखावी याचं एक पुस्तकही काढलं, जे माझ्या बाकावर तेलाचे डाग घेऊन पडलेलं असतं. दुरुस्त केलेल्या कुऱ्हाडी मी अशा लोकांना देते. पडलेलं झाड बाजूला करून वाट मोकळी करायची, याहून चांगलं काम मला तिच्यासाठी सुचत नाही.

देताना वहीत नोंद ठेवते: छाप, वजन, दांड्याचं लाकूड, आणि धारेपासून रेघेपर्यंत किती सूत पोलाद आहे. ती रेघ घेणाऱ्यालाही दाखवते, बोट ठेवून. गेल्या उन्हाळ्यात दिलेली एक कॉलिन्स या वसंतात परत आली. मुळं तोडताना खाली दगड लागला आणि धारेला खाच पडली, असं ती घेऊन आलेल्या मुलीने सांगितलं. तिने आपणच कानस मारून पाहिली होती, आणि नीट मारली होती. गाल तापवला नव्हता, कोन बिघडवला नव्हता. खाच निघेपर्यंत आम्ही दोघींनी आळीपाळीने कानस चालवली. रेघेपर्यंत नऊ सूत होतं, ते साडेआठ झालं. मी वहीत लिहिलं, तिने दांड्याला जवसाचं तेल चोळलं, आणि सोमवारी तिला वर डोंगरात जायचं होतं म्हणून कुऱ्हाड त्याच दिवशी घेऊन गेली.